वजन उचलण्याआधी ताणायचं की नंतर? (जिमवाले, योगवाले, तालीमवाले, सगळ्यांनी या)

गोदाकाठचा

मंडळी, एकाच विषयावर घरात आणि जिममध्ये दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतो.

वय ४६, बैठं काम, गेल्या पावसाळ्यापासून घराजवळच्या जिमला जातोय. सकाळचा ट्रेनर आल्या आल्या सगळ्यांना ओळीत उभं करतो आणि पंधरा मिनिटं ताणायला लावतो. वाका, पायाची बोटं धरा, तीस मोजेपर्यंत हलायचं नाही. मग दुसरा पाय, मग खांदे, मग पाठ. ते झालं की थेट स्क्वॉटच्या, म्हणजे पाठीवर वजन घेऊन बैठका मारायच्या, रॅककडे. संध्याकाळचा ट्रेनर म्हणतो, आधी अजिबात ताणू नका, ताकद जाते. काय ताणायचं ते शेवटी. आमच्या सौ. कित्येक वर्षं योगवर्गाला जातात. त्यांचं मत: आधीही, नंतरही, आणि दोन सेटच्या मध्ये मोबाइल बघत बसता त्यापेक्षा मध्येही.

प्रश्न तीन. आधी ताणलं नाही तर स्नायू फाटतो का? आधी ताणलं तर ताकद खरंच कमी होते का? आणि पायांचा व्यायाम झाल्यावर दोन दिवस जिना उतरताना जे कण्हायला होतं, ते कशाने थांबतं?

व्हिडिओ भरपूर बघून झालेत, कृपया लिंका देऊ नका. स्वतः वजनं उचलणाऱ्यांनी किंवा उचलणाऱ्यांना दुरुस्त करणाऱ्यांनी लिहा.

शंकासूर

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. लिफ्ट वापरा. इमारतीतली.

तालमीतला

दादा, आमच्या कोल्हापुरात पाय पसरून तीस मोजत बसलेला पैलवान मी अजून बघितला न्हाई. पहाटं आलं की लंगोट कसायचा आणि पहिल्यांदा हौदा, म्हंजी कुस्तीचा आखाडा, उकरायचा. खोरं घ्यायचं, सगळी तांबडी माती वरखाली करायची. त्यातच कंबर, खांदं, पिंढऱ्या गरम हुत्यात. मग जोर, बैठका, सपाट्या. त्या बी पहिल्या पंचवीस-तीस सावकाश, मग वेग धरायचा. मग लढत. मालिश, ताणाताणी असलं समदं शेवटाला. वस्तादांचा नियम एकच, घाम फुटल्याबिगर जोडीदाराला हात लावायचा न्हाई.

चहाबाज

वाचतोय. आमच्याही जिममध्ये हाच वाद. +१

हाडवैद्यीण

फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे लांबण लागणार. आधीच माफी.

तुमचा सकाळचा ट्रेनर करून घेतोय ते एका जागी धरून ठेवायचं ताणणं. तालमीतले लिहितात ते हलत हलत सांधे पूर्ण फिरवणं. वजन उचलण्यावर दोन्हींचा परिणाम वेगवेगळा होतो, त्यामुळे एकाच नावाखाली दोन्ही घालून भांडू नका.

प्रश्न दोन आधी घेते, कारण त्यावर भरपूर मोजमाप झालंय. २०१३ साली १०४ अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण झालं. धरून ठेवलेल्या ताणानंतर लगेच मोजलेली ताकद सरासरी ५.४ टक्के कमी भरली. २०१६ मध्ये आणखी मोठा आढावा आला, त्यात वेळेचा हिशेब जास्त स्पष्ट आहे. एकेका स्नायूला ६० सेकंदांपेक्षा कमी ताणलं तर घट साधारण १.१ टक्का, ६० सेकंद किंवा जास्त ताणलं तर ४.६ टक्के. हलत्या ताणानंतर मात्र उलट किंचित वाढ, १.३ टक्का.

असं का होतं? एक तर ताणून ठेवलेल्या स्नायूला मेंदूकडून जाणारा आदेश थोडा वेळ क्षीण होतो. दुसरं, स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जरा सैल पडतात, त्यामुळे स्नायूने लावलेला जोर हाडापर्यंत पोचताना थोडा जिरतो. आता यातली मेख. यातल्या बहुतेक चाचण्या ताणल्यावर काही मिनिटांतच, मध्ये दुसरं काही न करता घेतलेल्या आहेत. ताणल्यानंतर नीट वॉर्म-अप केला तर ही घट जवळपास दिसेनाशी होते. म्हणजे संध्याकाळचा ट्रेनर बरोबर बोलतोय, पण घाबरवतोय जास्त.

शंकासूर

धन्यवाद ताई, मला हवं ते मिळालं. पाच टक्के म्हणजे ८० किलोचे ७६. गोदाकाठच्यांना ऑलिंपिकला जायचंय का? दिवसभर खुर्चीत बसून ज्याचा खुबा गंजलाय त्याने चार किलो कमी उचलले तर कोणाचं काय बिघडलं? आणि ज्याला खाली बसताच येत नाही तो आधी ताणून निदान बसायला तरी लागतो. सकाळचा ट्रेनर झिंदाबाद.

लोखंडी_चणा

शंकासुरा, चार किलोंचा प्रश्नच नाही. प्रश्न त्या पंधरा मिनिटांचा आहे. गोदाकाठच्यांचं वाक्य परत वाच: "ते झालं की थेट रॅककडे." पंधरा मिनिटं एका जागी ताणून माणूस गरम होत नाही. डिसेंबरात नाशिकला सकाळी सहाला तर उलट गार होतो. आणि तरी त्याला वाटतं की आपली तयारी झाली. तो सरळ ६० किलो पाठीवर घेतो. दुखापतीचं खरं दार हे आहे.

मी पॉवरलिफ्टिंग करतो, जिल्हा पातळीपर्यंतच, पण बऱ्याच वर्षांपासून. माझा क्रम असा. पाच-सात मिनिटं सायकल किंवा रोइंग, कपाळाला ओल येईपर्यंत. मग पाय पुढेमागे झुलवणं, खुबे गोल फिरवणं, वजनाशिवाय दहा-बारा बैठका. मग ज्या वजनावर काम करायचंय तिथपर्यंत पायऱ्या चढत जायच्या. समजा आज ८० किलोचा स्क्वॉट आहे. रिकामा बार, म्हणजे २० किलो, दहा वेळा. ४० किलो पाच वेळा. ६० किलो तीन वेळा. ७० एकदा किंवा दोनदा. मग ८०. पायऱ्या चढताना आकडे उतरते ठेवायचे, नाहीतर मुख्य सेटआधीच दम जातो. रिकाम्या बारच्या सेटला खाली बसल्यावर दोन सेकंद थांबायचं. तिथेच खुबा, घोटा, पाठ सगळं ताणलं जातं, तेही ज्या हालचालीसाठी हवंय अगदी त्याच हालचालीत. डेडलिफ्टच्या, म्हणजे जमिनीवरून बार उचलायच्या, दिवशी हेच रिकाम्या बारने कंबरेतून वाकून करतो, मांडीचा मागचा भाग आपोआप ताणला जातो.

तुझा "बसताच येत नाही" हा मुद्दा मात्र खरा आहे. बहुतेकांचा अडथळा खुबा नसून घोटा असतो. गुडघा पायाच्या बोटांपुढे जात नाही म्हणून टाच उचलली जाते आणि माणूस पुढे झुकतो. अशाने आधी भिंतीला पाय लावून पोटऱ्या वीस-तीस सेकंद ताणाव्यात, हरकत नाही. वरच्या आकड्यांप्रमाणे तेवढ्याने फरक नगण्य पडतो. किंवा टाचेखाली अडीच किलोच्या प्लेटा सरकवाव्यात. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच उंच असते ती याचसाठी.

गोदाकाठचा

चणाभाऊ, पायऱ्या पटल्या, पण व्यवहार सांगतो. आमच्याकडे सकाळी सहा ते आठ दोन रॅक आणि दहा माणसं. मी रिकामा बार घेऊन दहा वेळा बसायला लागलो की मागचा घसा खाकरतो.

लोखंडी_चणा

त्यालाच जोडीला घ्या. तुम्ही उचलाल तेव्हा तो थांबेल, तो उचलेल तेव्हा तुम्ही. प्लेटा बदलायला दोघं असले की वेळही वाचतो. घसा खाकरणाऱ्याला बोलायला कोणीतरी हवं असतं, एवढंच. आणि हो, रॅक रिकामा नसेल तर डंबेल छातीशी धरून बाजूला पहिले दोन सेट करा.

मेलबर्नची_मावशी

पहिल्या प्रश्नाबद्दल इथल्या एका कामाचं लिहिते. ऑस्ट्रेलियन सैन्यात भरती झालेल्या १५३८ जवानांवर केलेला अभ्यास २००० साली आला. दोन गट केले. दोघांनाही वॉर्म-अप होता, पण एका गटाला त्यात पायाच्या सहा स्नायूंना प्रत्येकी २० सेकंदांचा ताण द्यायला लावला. प्रशिक्षण संपेपर्यंत दोन्ही गटांत पायाच्या दुखापती जवळपास सारख्याच. ताणल्याने वाचले नाहीत, न ताणल्याने मोडले नाहीत.

माझा स्वतःचा मामला वेगळा आहे. वय ६१, हाडांची घनता कमी. इथे क्वीन्सलँडमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडं विरळ झालेल्या बायकांवर एक चाचणी झाली, २०१८ मध्ये छापली गेली. आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास, देखरेखीखाली, चांगलं जड वजन: डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर उचलणं. आठ महिन्यांत कण्याच्या हाडांची घनता सुधारली. ते दाखवून मी माझ्या डॉक्टरीणबाईंना गळ घातली आणि सुरू केलं. त्यांनी वजनाला हो म्हटलं, पण उभं राहून वाकून पायाचे अंगठे धरायला सक्त मनाई केली. गंमत बघा, आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणी मला वजन सोडून अंगठे धरायला सांगतात.

हाडवैद्यीण

मावशी, फार मोलाचं लिहिलंत. इतर काकू-मावश्यांसाठी स्पष्ट करते: विरळ हाडांत कणा गोल करून पुढे वाकल्यावर मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि तो मणका चेपला जाऊ शकतो. त्यामुळे अशांना "आधी की नंतर" हा प्रश्नच नाही, तो विशिष्ट ताण केव्हाच नको. पाठ सरळ ठेवून पाठीवर झोपून, पट्ट्याने पाय वर ओढून मांडीचा मागचा भाग ताणता येतो. आणि ज्यांना कंबरेपासून पायात कळ किंवा मुंग्या जातात, त्यांनीही मांडी मागून ओढून ओढून ताणू नये. ताणला जातो तो स्नायू नसून बऱ्याचदा नस असते. आधी दाखवून घ्या.

दुखापतीबद्दल भर घालते. २०१४ मध्ये २५ चाचण्यांचा, २६ हजारांहून जास्त खेळाडूंचा आढावा निघाला. ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक-तृतीयांशाच्याही खाली आल्या. ताणण्याने संरक्षण दिसलं नाही. थोडक्यात, गोदाकाठचे ज्या वजनांपासून बचाव म्हणून ताणताहेत, तीच वजनं त्यांना जास्त वाचवताहेत.

सूर्यनमस्कारी

इथे सगळं परदेशी आकड्यांवर चाललंय. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार रुजवले, त्यांना काय शरीर कळत नव्हतं? मी पहाटे पाचला उठून बारा नमस्कार घालतो, पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकून) बराच वेळ राहतो, मग डंबेल. वय ५३. आजवर लचकसुद्धा भरलेली नाही.

हाडवैद्यीण

दादा, सूर्यनमस्काराला कोणी नाव ठेवलेलं नाही. तो हलता व्यायाम आहे, खांदे, खुबे, पोटऱ्या सगळं त्यात येतं, श्वास चढतो. वजनाआधी दहा-बारा नमस्कार हा चांगला वॉर्म-अप आहे, मी स्वतः रुग्णांना सांगते. माझी हरकत पश्चिमोत्तानासनाच्या वेळेला आहे.

रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळेच. फुगलेल्या चकतीवर वाकताना ताण कितीतरी जास्त येतो. उभं राहिल्यावर पहिल्या तासाभरात त्यातलं बरंच पाणी उतरतं. १९९८ साली जुनाट कंबरदुखीच्या लोकांना फक्त एवढंच शिकवलं की उठल्यावर पहिले काही तास पुढे वाकू नका; त्यांचं दुखणं कमी झालं. तुम्हाला त्रास नाही म्हणजे तुमची पाठ चांगली आहे. पण पाचला उठून सव्वापाचला पूर्ण वाकणं हा सल्ला मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. आसन सोडायचं कारण नाही, संध्याकाळी करा.

सूर्यनमस्कारी

संध्याकाळी पोट भरलेलं असतं. असो. मी माझं चालू ठेवणार.

चहाबाज

अवांतर: जिमनंतर पावडर की तालमीतली बदामाची थंडाई? तालमीतले, भाव काय चाललाय?

तालमीतला

बदामाचा भाव इचारू नगा, रडू येतंय.

शंकासूर

धागा खुराकावर नेऊ नका, तो दोनशे प्रतिसादांचा वेगळा काढा. माझी शंका: चला, आधी नको. मग नंतर तरी का? ताई, तुमच्याच हिशेबाने दुखापत वाचत नाही. मग शेवटी चटईवर पडून लोक जे करतात ते काय आहे?

हाडवैद्यीण

बरोबर जागी बोट ठेवलंत, आणि यातच गोदाकाठच्यांचा तिसरा प्रश्न सुटतो.

व्यायामानंतरच्या दुखण्यावर ताणण्याचा उपयोग होतो का, यावर २०११ चा कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढावा आहे, बारा अभ्यासांचा. शंभर गुणांच्या मापावर आधी ताणल्याने दुखणं सरासरी अर्धा गुण कमी, नंतर ताणल्याने एक गुण कमी. शंभरातला एक गुण कोणालाही जाणवणार नाही. कारणही सरळ आहे. हे दुखणं लॅक्टिक आम्लाचं नाही. ते आम्ल व्यायाम थांबल्यावर तासाभरात निघून जातं आणि तुमचं दुखणं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातं. हे आहे स्नायूतल्या बारीक धाग्यांची झालेली झीज आणि त्यावर येणारी सूज. वजन खाली आणताना स्नायू लांबत लांबत भार पेलतो तेव्हा ती जास्त होते. जिना चढण्यापेक्षा उतरताना कण्हता, कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू पुन्हा तेच काम करतो. आधीच झिजलेल्या धाग्यांना आणखी ओढून ते सांधत नाहीत.

थांबवायचा रस्ता एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: कमी वजनाने, कमी सेटने सुरुवात आणि खंड न पाडणं. तोच व्यायाम दुसऱ्यांदा केला की दुखणं पहिल्यापेक्षा बरंच कमी असतं. महिनाभर सुट्टी घेऊन परत पहिल्या दिवशी पूर्ण वजन लावलं की सगळं पहिल्यापासून. एक इशारा इथेच: दुखण्याबरोबर पाय सुजून टणक झाले आणि लघवी कोलासारखी गडद व्हायला लागली, तर ताणत किंवा शेकत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायूंतले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडावर बेतू शकतं.

मग नंतर ताणायचं ते लवचीकपणासाठी. तो हवा असेल तर नियम माफक आहे: आठवड्यातून दोन-तीन दिवस, प्रत्येक स्नायूला १० ते ३० सेकंदांचे ताण, मिळून साधारण एक मिनिट. उतारवयात ३० ते ६० सेकंद. व्यायामानंतर अंग गरम असतं म्हणून सोयीचं, इतकंच. रात्री बातम्या बघताना केलं तरी चालतं. फक्त जड सेट संपल्या संपल्या डोकं एकदम खाली घालू नका, भोवळ येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नक्कीच नको.

लोखंडी_चणा

ताईंना पुस्ती. लवचीकपणासाठीसुद्धा वेगळं ताणावंच लागतं असं नाही. २०२१ मध्ये अकरा चाचण्यांचा आढावा आला. ताकदीच्या व्यायामाने सांध्याची हालचाल ताणण्याइतकीच वाढली. माझ्या मते यात अट एक, हालचाल पूर्ण हवी. आमच्या जिममध्ये १२० किलो लावून चार इंच खाली जाणारे आहेत. त्यांना ना पाय मिळतात ना लवचीकपणा, फक्त फोटो मिळतो.

सांगलीकर

आमच्या गावाकडे वेटलिफ्टिंगची पोरं पुष्कळ, म्हणून एक मुद्दा मांडतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये आमच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य घेतलं. सुवर्ण एका किलोने हुकलं, १३९ च्या प्रयत्नात उजव्या कोपराला दुखापत झाली. तेव्हा पारावर बसून मंडळी म्हणत होती, "नीट स्ट्रेच केलं नसणार." हे ऐकून डोकं फिरलं होतं. स्वतःच्या वजनाच्या अडीचपट भार डोक्यावर असताना कोपरावर काय येतं याची कल्पना नसलेले लोक हे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मंचामागे पोरं काय करतात ते बघा: रिकाम्या बारपासून एकेक पायरी वर, शेवटचा सराव सुरुवातीच्या वजनाच्या थोडा खाली. चणाभाऊंनी लिहिलंय तेच, फक्त मोठ्या आकड्यात.

तालमीतला

बरोबर बोलला भावा. पडणाऱ्याला सल्ला देणारं आमच्या खासबागेच्या कुस्ती मैदानात बी कट्ट्यावरच बसत्यात.

मल्लखांबवेडी

उशिरा आले. दुसरी बाजू सांगते, नाहीतर नुसतं वाचणारे सगळंच सोडून देतील. मल्लखांबाला किंवा जिम्नॅस्टिक्सला आधी धरून ताणावं लागतंच. तिथे पाय पूर्ण चिरता आला पाहिजे, पोरगं खांबावर उलटं असताना खुबा अडून चालत नाही. दोन टक्के जोर गेला तरी बेहत्तर. आमच्याकडेही क्रम आधी धावणं-उड्या, मग ताणणं, मग परत उड्या आणि मग खांब, असाच असतो. थंड अंगाने कोणीच ताणत नाही. आणि काही मुलींचे सांधे जन्मतःच इतके सैल असतात की त्यांना ताणायला लावणं मी बंद केलंय, त्यांना फक्त ताकद.

गोदाकाठचा

सर्वांचे आभार, शंकासुराचेही. ठरवलंय ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. सकाळच्या ओळीत उभा राहीन, ट्रेनर चांगला माणूस आहे, त्याला दुखवायचं नाही. पण तो धरून ठेवायला सांगेल तेव्हा मी आठ-दहा सेकंदांत पाय बदलत राहीन. मग पाच मिनिटं सायकल, मग घसा खाकरणाऱ्याला जोडीला घेऊन २०-४०-५० अशा पायऱ्या, कारण माझा स्क्वॉट सध्या ६० वरच आहे. ताणायचं ते रात्री, सौं.च्या चटईशेजारी. त्या खूश.

हाडवैद्यीण

चालेल. फक्त सायकल ओळीच्या आधी करा, नंतर नको. पंधरा मिनिटं लवकर जायला लागेल.

गोदाकाठचा

पावणेसहाला जिमचं शटर उघडत नाही हो ताई. जिना चढून-उतरून भागेल का?

हाडवैद्यीण

भागेल. चार मजले, दोनदा. पायांच्या व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी उतरताना कठडा धरा.